डीलर मीटच्या बिलातून हॉटेलचं गोल्ड स्टेटस : साताऱ्यातून बसवलेला हिशोब

आमचा खतं-औषधांचा घाऊक धंदा साताऱ्यात आहे. कोरेगाव, वाई, फलटण, दहिवडी, पाटण, कराड अशा सगळ्या बाजूंचे धरून चाळीसेक डीलर. वर्षातून एकदा त्यांना एका जागी बोलवायचं, कंपनीच्या माणसाने नव्या औषधांची माहिती द्यायची, दुपारी जेवण, संध्याकाळी बक्षिसं आणि घरी. हा खर्च कधी चुकत नाही. सात वर्षं मी तो इमानेइतबारे वहीत लिहिला आणि त्या बिलाच्या बदल्यात हॉटेलकडून आणखी काही मिळतं का, हे एकदाही विचारलं नाही. हॉटेलचं सिल्व्हर-गोल्ड स्टेटस, म्हणजे हॉटेलांची साखळी नेहमीच्या गिऱ्हाइकाला देते तो सवलतींचा दर्जा, हा महिन्यातले पंधरा दिवस विमानात असणाऱ्या लोकांचा विषय, अशी माझी समजूत होती.

प्रत्यक्षात काही मोठ्या साखळ्या मीटिंगसाठी हॉल घेणाऱ्यालाही स्टेटसच्या मोजणीत धरतात. तिथे एक रात्रही झोपायची गरज नाही. मात्र त्यासाठी काही गोष्टी हॉल ठरवण्याआधी कराव्या लागतात. बिल भरून झाल्यावर केल्या तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी कागद घ्या, मोबाइल नंतर

एका कागदावर वर्षभरात तुम्ही पैसे देऊन कुठे कुठे हॉल घेता ते लिहा. डीलर मीट, कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग, सोसायटीची किंवा संघटनेची बैठक, घरातला साखरपुडा, वडिलांची पंचाहत्तरी, सगळं. प्रत्येकासमोर माणसं किती, जागा साताऱ्यातच हवी की बाहेर चालेल आणि बिल कोणाच्या नावाने होतं, एवढं मांडा. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता जवळ काय आहे ते बघा. खुद्द सातारा शहरात चांगले हॉल, लॉन भरपूर आहेत, पण ह्या लेखातल्या योजना चालवणाऱ्या साखळ्यांसाठी थोडं बाहेर पडावं लागतं. जिल्ह्यातच महाबळेश्वर-मेढा रस्त्यावर ल मेरिडियन आहे, ते मॅरियट साखळीच्या छत्राखालचं. पुण्यात मॅरियटचीच जेडब्ल्यू, वेस्टिन, शेरेटन ग्रँड अशी बरीच नावं आहेत. हयात ह्या दुसऱ्या साखळीची हॉटेलं विमाननगर, कल्याणीनगर ह्या भागात. सातारा ते पुणे एकशेदहा किलोमीटरच्या आसपास, वाटेत आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन टोलनाके आणि खंबाटकीचा घाट. डीलर सगळे साताऱ्याच्या आसपासचे असतील तर नुसत्या स्टेटसपायी त्यांना पुण्याला नेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. पण तुमची माणसं शिरवळ, खंडाळ्याची असतील किंवा कंपनीचे साहेब पुण्याहूनच येणार असतील, तर पुणे हिशोबात बसतं.

दक्षिणेकडच्या लोकांना बेळगावचं फेअरफील्डही सुचतं, तेही मॅरियटचंच. तिथे एक गोम आहे, ती बिलाच्या भागात सांगते.

कोण काय देतं

दोनच योजना नीट समजून घ्या, बाकीच्यांकडे नुसती नजर टाका.

मॅरियटच्या योजनेचं नाव बॉनव्हॉय. सदस्यत्व फुकट. सिल्व्हरला वर्षाला १० नाइट्स लागतात, गोल्डला २५, प्लॅटिनमला ५०, टायटॅनियमला ७५. ह्या 'नाइट' म्हणजे खात्यात जमा होणारे एकक, प्रत्येक वेळी झोपलेली रात्र असतेच असं नाही. तुम्ही पात्र कार्यक्रम घेतलात तर वर्षातून एकदा १० नाइट्स जमा होतात. दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमाला पुन्हा दहा मिळत नाहीत. कार्यक्रमाबरोबर पाहुण्यांसाठी खोल्याही घेतल्या तर प्रत्येक २० खोली-रात्रींमागे आणखी १ नाइट, एका करारामागे कमाल २०. शिवाय खर्चाच्या प्रत्येक अमेरिकी डॉलरमागे २ पॉइंट (हे साठवून पुढे खोली घेता येते), साध्या सदस्याला एका कार्यक्रमाला ६०,००० पर्यंत.

हयातची मोजणी वेगळी. त्यांच्या वर्ल्ड ऑफ हयात ह्या योजनेत स्टेटसकडे जायच्या तीन वाटा आहेत. एक रात्रींची, दुसरी पॉइंटची आणि तिसरी निव्वळ कार्यक्रमांची. ही तिसरी वाट अशी: वर्षात ३ कार्यक्रम केले की डिस्कव्हरिस्ट, १० केले की एक्स्प्लोरिस्ट, २० केले की ग्लोबलिस्ट. रात्रींच्या वाटेने तेच स्टेटस अनुक्रमे १०, ३० आणि ६० रात्रींना मिळतं. लक्षात ठेवायचं ते हे, की वाटा एकमेकींत मिसळत नाहीत. दोन कार्यक्रम आणि चार रात्री अशी बेरीज करून डिस्कव्हरिस्ट होत नाही. पॉइंट डॉलरमागे १, एका कार्यक्रमाला ५०,००० पर्यंत.

हिल्टन आणि आयएचजीसुद्धा कार्यक्रम घेणाऱ्याला पॉइंट देतात. हिल्टन डॉलरमागे १ आणि आयएचजी ३. पॉइंट हवे असतील तर ठीक, पण ह्या लेखाचा रोख स्टेटसवर आहे, म्हणून त्यांना इथेच सोडते.

नियम बदलतात. करार करण्याच्या आठवड्यात त्या योजनेच्या संकेतस्थळावरचं कार्यक्रमांचं पान उघडून एकदा वाचाच. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवते.

परवडतं का?

आमचंच उदाहरण घेते. चाळीस माणसं, हॉल-जेवण-दोन वेळचा चहा मिळून माणशी १,८०० रुपये. म्हणजे ७२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६०. एकूण ८४,९६०.

आता पॉइंट. कराची रक्कम पॉइंटमध्ये धरत नाहीत. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरू. ७२,००० म्हणजे ८०० डॉलर, म्हणजे बॉनव्हॉयचे १,६०० पॉइंट. हयातमध्ये ८००. एवढ्यात कुठलीही धड खोली मिळत नाही. म्हणून पॉइंटच्या आशेने कोणी हॉल घेत असेल तर त्याने साताऱ्यातल्या लॉनवरच मीटिंग घ्यावी. आमच्या नेहमीच्या हॉलात तेच जेवण माणशी साडेचारशेत होत होतं. हे आकडे बघून आमचे भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, ह्या पैशात आपल्या इथे दोन बैठका होतील, वर पेढे वाटू." त्यांचं काही चुकीचं नव्हतं. दोन नाही, तीनही झाल्या असत्या.

किंमत आहे ती त्या दहा नाइट्सना, आणि तीही दुसऱ्या कशाला तरी जोडल्या तरच. नुसत्या १० नाइट्सनी सिल्व्हर मिळतं. सिल्व्हर म्हणजे राहिल्यावर पॉइंट १० टक्के जास्त आणि जमलं तर खोली थोडी उशिरा सोडायची सवलत. त्याच्यासाठी धडपड नको. पण एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड आहे, २०२३ साली आलेलं. वर्षाची फी ३,००० रुपये आणि वर कर. त्या कार्डाबरोबर दरवर्षी १० नाइट्स जमा होतात. कार्डाच्या १०, कार्यक्रमाच्या १०, झाल्या २०. आता गोल्डला उरल्या ५. मुलगा बंगळुरूला आहे, वर्षातून दोनदा जाणं होतंच. तीन आणि दोन रात्री मॅरियटच्या एखाद्या मध्यम हॉटेलात काढल्या की २५ भरले.

गोल्डमध्ये दुपारी २ पर्यंत खोली ठेवता येते, राहण्याच्या पॉइंटवर २५ टक्के जास्त मिळतात, शिल्लक असेल तर जरा बरी खोली आणि येताना थोडे पॉइंट. फुकट नाश्ता गोल्डला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण "गोल्ड म्हणजे नाश्ता फुकट" असं सांगणारे फार भेटतात. नाश्ता आणि लाउंज ही प्लॅटिनमपासूनची गोष्ट, तीही सगळ्या ब्रँडमध्ये सारखी नाही.

हयातचा हिशोब आणखी कडक. वर्षातून तीन मीटिंगा पुण्यात होतच असतील तर डिस्कव्हरिस्ट आपोआप होईल, घ्या. त्यात दुपारी २ चा चेकआउट आणि जरा बरी खोली एवढंच आहे. खरी मजा ग्लोबलिस्टमध्ये आहे, म्हणजे नाश्ता, लाउंज, स्वीटपर्यंत अपग्रेड, ४ चा चेकआउट. पण त्यासाठी २० कार्यक्रम. आमच्यासारख्यांना ते जन्मात जमायचं नाही. ज्यांच्याकडे दर महिन्याला एजंटांचं ट्रेनिंग असतं, दर पंधरवड्याला दहा-बारा जणांची बैठक असते आणि जागा पुण्यातच लागते, अशा विमा, गृहकर्ज, क्लासवाल्यांनी मात्र कागद-पेन घेऊन बसावं. पन्नास माणसांचा कार्यक्रम हा एकच कार्यक्रम आणि बारा माणसांच्या बोर्डरूमची अर्ध्या दिवसाची बैठक हाही एकच. त्यामुळे लहान आणि जास्त बैठका ह्या वाटेवर फायद्याच्या.

तारीख : श्रावण, मंगळवार आणि केळघर घाट

महाबळेश्वरला एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत हॉलचा दर विचारूसुद्धा नका. आमच्या धंद्यात जूनपासून खरिपाची झुंबड असते, डीलरला मान वर करायला वेळ नसतो. ऑगस्टमध्ये जरा उसंत मिळते आणि नेमकं तेव्हाच धो धो पावसामुळे हॉटेलं रिकामी असतात. १५ ऑगस्टला जोडून येणारे शनिवार-रविवार सोडले तर मंगळवार-बुधवारी दर चांगला तुटतो. आणि श्रावण असतो. श्रावणात आमच्याकडचे निम्मे डीलर मटणाला हात लावत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना एकच शाकाहारी मेनू चालतो आणि बिल आपोआप आटोक्यात राहतं. आषाढात मीटिंग ठेवलीत तर माझी जबाबदारी नाही.

पण पावसाला स्वतःचा हिशोब असतो. मेढ्याहून वर जाताना केळघर घाटात दरड कोसळली की रस्ता बंद. एका वर्षी सकाळी सातलाच फोन सुरू झाले. पाटणचे तिघे मेढ्यापर्यंत येऊन परतले, कराडच्या दोघांनी साताऱ्यातूनच गाडी वळवली. जे पोचले ते वाई, पसरणी घाट, पाचगणी असा वळसा घालून भिजलेल्या छत्र्या झटकत साडेअकराला हॉलात शिरले. बाहेर धुकं इतकं की पार्किंगमधली स्वतःची गाडी दिसेना. ३३ माणसं आली आणि पैसे ४० चे भरले, कारण करारात ४० ची गॅरंटी मी लिहून दिली होती.

तेव्हापासून गॅरंटीचा आकडा मी कमी देते. चाळीस बोलावले तर चौतीसची. गॅरंटीपेक्षा थोडी जास्त माणसं आली तर ताटं पुरवायची तयारी बहुतेक बँक्वेटवाले, म्हणजे हॉटेलातले हॉल-जेवणावळी सांभाळणारे, ठेवतात. किती जास्तीपर्यंत, हे विचारायचं आणि करारात लिहून घ्यायचं. अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा, हेही. दरड, रेड अलर्ट असं काही झालं तर तारीख पुढे ढकलता येईल का, ही ओळ पावसाळ्यातल्या करारात हवीच. ॲडव्हान्स परत मिळणार नाही म्हणाले तरी पुढच्या तारखेला वळवून घ्यायला सहसा तयार होतात.

सगळं ठरतं ते करारावर

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमचं एक वर्ष इथेच वाया गेलं.

त्या वर्षी आम्ही एका कार्यक्रम ठरवून देणाऱ्या माणसामार्फत हॉल घेतला. दर ताटामागे शंभर रुपये कमी पडला, खूश झालो. मीटिंग झाली, बिल झालं. मग मी माझा सदस्य क्रमांक घेऊन हॉटेलला फोन केला तर कळलं, करार आमच्याशी झालेलाच नाही. हॉटेलच्या लेखी कार्यक्रम त्या माणसाचा, सही त्याची, क्रमांकही त्याचाच. आम्ही त्याचे पाहुणे. एका कार्यक्रमाचा लाभ एकाच खात्यात जातो, त्यामुळे तिथे भांडायलाही जागा नव्हती. ताटामागचे शंभर रुपये कुठून सुटले होते, तेही तेव्हा उमगलं.

म्हणून पायऱ्या अशा.

कार्यक्रम ठरवायच्या आधी सदस्यत्व घ्या. खात्यातलं नाव आणि करारावर सही करणाऱ्याचं नाव एकच हवं, स्पेलिंगसकट. आमच्या दुकानात सही भाऊजींची आणि खातं माझं असं चाललं होतं. आता ह्या एका कामाची सही मी करते, भागीदार म्हणून. बिल मात्र दुकानाच्या नावाने आणि दुकानाच्या जीएसटी क्रमांकाने. ह्यात विरोध काही नाही. बिल फर्मचं, कार्यक्रमाचा संपर्क-माणूस मी.

चौकशी करताना हॉटेलच्या रेस्टॉरंटला किंवा रिसेप्शनला फोन करू नका, बँक्वेट किंवा सेल्सच्या माणसाशी बोला. रेस्टॉरंटचा एक कोपरा अडवून चाळीस माणसं जेवायला घातली तर तो नुसता जेवणाच्या बिलाचा व्यवहार होतो. कार्यक्रमाचा करार होत नाही, आणि करार नाही तर नाइट्स नाहीत. लहान बैठकांना हा धोका फार. दहा-बारा जणांची बैठक असली की बँक्वेटवाला म्हणतो, "मॅडम, एवढ्यासाठी कशाला कागदपत्रं, मी आत टेबल लावून देतो." त्याला गोड बोलून कागदपत्रंच करायला लावायची.

पहिल्या चौकशीतच हे विचारा, आणि तोंडी नाही, मेलवर: तुमचं हॉटेल कार्यक्रमांच्या योजनेत सहभागी आहे का? आमची ही अमुक माणसांची, हॉल आणि जेवणासकटची बैठक पात्र कार्यक्रम म्हणून धरली जाईल का? माझा सदस्य क्रमांक करारात छापून येईल का? तिन्ही उत्तरं लेखी 'हो' आली की मगच दराची घासाघीस. उलट केलंत, म्हणजे आधी दर पाडून घेतला आणि मग क्रमांक पुढे केला, तर "ह्या दरात पॉइंट बसत नाहीत मॅडम" हे वाक्य ऐकावं लागतं. पुण्यात मी ते ऐकलंय. त्याच हॉटेलात "नंबर नंतर टाकला तरी चालतो" हेही ऐकलं आणि विश्वास ठेवला. नंतर तो सेल्सचा मुलगा नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी आलेल्याला आमची बैठक झाल्याचंही ठाऊक नव्हतं.

करार हातात आला की शेवटच्या पानापर्यंत वाचा. हे सात-आठ पानांचं इंग्रजी बाड असतं आणि सदस्य क्रमांकाची ओळ कुठेतरी मधेच दडलेली असते. ती रिकामी असेल तर सही करू नका. पेनाने लिहून चालत नाही असं नाही, पण दुरुस्त करून नवीन प्रत मागितलेली बरी, कारण त्यांच्या संगणकात जे आहे तेच पुढे जातं. त्याच ओळीच्या आसपास लाभ पॉइंटमध्ये घ्यायचा की विमान कंपनीच्या मैलांत, असा पर्याय कधी कधी असतो. पॉइंट निवडा.

कार्यक्रमाच्या दिवशीचा तपशीलवार कागद वेगळा निघतो, ज्याला हॉटेलवाले एफपी म्हणतात. खुर्च्या कशा, माईक किती, चहा किती वाजता, हे सगळं त्यात. तिथेही वर नाव आणि क्रमांक आहे का ते एका नजरेत बघून घ्या.

त्या दिवशी

फार काही नाही. स्वतः हजर राहा. प्रोजेक्टर आणि माईक अर्धा तास आधी चालवून बघा. आमच्याकडे आल्याच्या कंदकुजीवरचं सादरीकरण सुरू असताना पडद्यावर निळा चौकोन आला आणि कंपनीच्या साहेबांना वीस मिनिटं नुसतं तोंडी कंद कसा कुजतो ते सांगावं लागलं. डीलरांना तेच जास्त आवडलं, ही गोष्ट वेगळी. जादा ताटं, जादा चहा, वाढवलेला तास, जे काही जास्तीचं होईल त्यावर सही तुमचीच असू द्या. दुसऱ्या कोणी सह्या केल्या की शेवटी बिलाचे दोन तुकडे होतात आणि एक तुकडा पॉइंटच्या बाहेर राहतो.

बिल आणि जीएसटी

हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी. बैठक धंद्यासाठी असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट घेता येतं, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वळता करता येतो. जेवणाखाणाचं घेता येत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५) त्याला आडवं येतं. म्हणून 'माणशी १,८०० सगळं धरून' असं एकगठ्ठा बिल घेण्यापेक्षा हॉल, प्रोजेक्टर-माईक आणि जेवण अशा वेगळ्या ओळी मागा. हे दर ठरवतानाच सांगा, बिल छापल्यावर नाही. पॉइंटच्या दृष्टीने वेगळ्या ओळींनी काही बिघडत नाही, करार एकच असला म्हणजे झालं. शेवटचा शब्द तुमच्या सीएचा.

खोल्याही घेत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. त्यावरच्या खोलीला १८ टक्के.

आणि आता बेळगावची गोम. हॉटेलातल्या कार्यक्रमावरचा जीएसटी ज्या राज्यात हॉटेल आहे त्या राज्याचा लागतो. कर्नाटकात किंवा गोव्यात बैठक घेतली की बिलावर तिथला सीजीएसटी-एसजीएसटी येतो, आणि तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्राची असेल तर तो तुम्हाला वळता करून घेता येत नाही. हॉलचं भाडं ३०,००० असेल तर ५,४०० रुपये सरळ खिशातून गेले. गोव्यातला दर स्वस्त वाटतो तेव्हा हे आठवा.

नाइट्स जमा झाल्या नाहीत तर

पैसे पूर्ण भरल्यावर दोन-तीन आठवडे वाट बघा, मग खातं उघडून बघा. दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या, पॉइंट आणि नाइट्स. एकदा माझे पॉइंट आले आणि नाइट्स आल्याच नाहीत. मी पॉइंट बघून समाधानी होते, नोव्हेंबर उजाडल्यावर लक्षात आलं.

आधी हॉटेलच्या सेल्सला मेल करा. सही केलेला करार, अंतिम बिल, पैसे भरल्याची पावती आणि 'हो, पात्र आहे' असं त्यांनीच लिहिलेली जुनी मेल, हे चारही जोडा. हॉटेल ढिम्म राहिलं तर योजनेच्या ग्राहक सेवेला तीच मेल पुढे पाठवा. माझं काम तिसऱ्या मेलला झालं. वर्ष संपायच्या आत करा, कारण नाइट्सची मोजणी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी चालते, आणि नाताळच्या गडबडीत हॉटेलातलं कोणी तुमच्या ऑगस्टमधल्या बैठकीचा कागद शोधत बसणार नाही.

रिकामी खोली घेऊन बसायचं का?

काही हुशार लोक सांगतात, सगळ्यात छोटी बोर्डरूम दोन तासांना घ्यायची, चार कप चहा मागवायचा, दहा नाइट्स खिशात. मला विचाराल तर नको. हॉटेलला शंका आली तर नाइट्स काढून घेण्यापासून खातं बंद करण्यापर्यंतचे अधिकार योजनांच्या अटींत असतात. शिवाय धंद्याच्या नावाने न झालेली बैठक खर्चात दाखवायची म्हणजे आणखी एक खोटं. छोटी पण खरी बैठक घ्या की. आमच्या दुकानाची तीन भागीदार आणि सीए अशी वार्षिक हिशोबाची बैठक असते, ती बोर्डरूममध्ये घेतली तर ती खरीच आहे.

नोकरीत असाल आणि कंपनीच्या पैशाने हॉल घेत असाल तर लाभ स्वतःच्या खात्यात घ्यायच्या आधी मालकाला विचारा, उत्तर मेलवर घ्या. सरकारी खात्यात, झेडपीत किंवा महामंडळात असाल तर ह्या वाटेला जाऊच नका.

लग्न, साखरपुडा

लग्नाचा हॉलही कार्यक्रमच. आणि तिथे आकडा मोठा असतो. समजा मुलीच्या लग्नाचं कर सोडून ९ लाखांचं बिल. ९० च्या दराने १०,००० डॉलर, म्हणजे बॉनव्हॉयचे २०,००० पॉइंट. पाहुण्यांसाठी ३० खोल्या दोन रात्री घेतल्या तर ६० खोली-रात्री, म्हणजे ३ नाइट्स वर. कार्यक्रमाच्या १० धरून १३. पण सही बहुधा मुलीच्या वडिलांची असते, त्यांना स्टेटसशी देणंघेणं नसतं, आणि ज्या नव्या जोडप्याला फिरायला जायचंय त्यांचा क्रमांक करारात कुठेच नसतो. करार मुलीच्या किंवा जावयाच्या नावाने करा, पैसे भरले कोणीही तरी बिघडत नाही, एवढं हॉटेलकडून आधी वदवून घ्या. बस्त्याच्या यादीत ही एक ओळ वाढवली तर कोणी रागावणार नाही. वेडिंग प्लॅनर असेल तर वरचा आमचा शंभर रुपयांचा किस्सा पुन्हा वाचा.

जानेवारी की ऑगस्ट

मिळालेलं स्टेटस त्या वर्षाचे उरलेले महिने, पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकतं. म्हणजे २५ वी नाइट डिसेंबर २०२५ मध्ये भरली तर फेब्रुवारी २०२७ पर्यंत, आणि तीच जानेवारी २०२६ मध्ये भरली तर फेब्रुवारी २०२८ पर्यंत. एका महिन्याच्या फरकाने एक वर्ष पदरात. ज्यांना बैठक कधीही चालते त्यांनी ती वर्षाच्या सुरुवातीला घ्यावी, राहायच्या रात्रीही त्याच महिन्यांत उरकाव्यात.

मी हे भाऊजींना समजावून सांगितलं. बैठक जानेवारीत घेऊ म्हटलं. त्यांनी कॅलेंडर उलटं-सुलटं केलं आणि म्हणाले, "वहिनी, जानेवारीत ऊसतोड, स्ट्रॉबेरी, लग्नं. डीलर येणार कोण?" बैठक ऑगस्टमध्येच राहिली, श्रावणातल्या मंगळवारी, गॅरंटी चौतीसची.